किल मायनस नाईन

इंजिनिअरिंगच्या पोराने मराठी विभागात लिहायचं म्हणजे दोनच विषय. एक मेसचं जेवण आणि दुसरी "ती". दोन्हींवर आजवर भरपूर लिहून झालंय, आणि मेसची भाजी अजूनही तीच आहे! म्हणून मी यंदा एका प्रोग्रॅमवर लिहितोय. घाबरू नका, व्हायवा घेणार नाही. खरं सांगायचं तर ही एक कबुली आहे. जी चूक केली ती हॉस्टेलवर निम्म्या लोकांना माहीत आहे, पण अर्धवट. म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकू.

फेस्टिव्हलच्या ऑनलाइन क्विझचा सर्व्हर मी लिहिला होता. सगळा माझा, एकट्याचा, सी प्लस प्लसमध्ये. बाकीची टीम प्रश्न काढत होती, पोस्टर चिकटवत होती, स्पॉन्सर शोधत अंधेरी ते बोरिवली फिरत होती आणि मी लॅबमध्ये बसून "कोअर टीम"चा टी-शर्ट घालून कोड करत होतो. माझ्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम अक्षरशः पळायचा. दोनशे खोटे खेळाडू तयार करून एकदम उत्तरं पाठवली, तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत गुणतक्ता हजर. रूमीला दाखवलं. तो म्हणाला, "भारी रे!" रूमी मेकॅनिकलचा आहे, पण तेव्हा मला ते मत पुरेसं वाटलं.

क्विझ सोमवारी होती. गुरुवारी रात्री प्रोग्रॅम लॅबच्या सर्व्हरवर चढवला आणि पहिली रिहर्सल घेतली. लॅबचा सर्व्हर म्हणजे चार कोअरचं जुनं मशीन. तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांच्या स्क्रीन गोठल्या. एक सेकंद... दोन... चार... पाच. मग एकदम सगळं सुटलं. पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. प्रश्नाला वेळ दहा सेकंद, त्यातले पाच असे गेले तर उत्तर उशिरा पोचणार आणि बरोबर उत्तराला शून्य मिळणार. बाहेरच्या कॉलेजची पोरं आमच्या नावाने काय काय म्हणतील ते डोळ्यांसमोर आलं.

'टॉप' लावून बघितलं. चारही कोअर शंभर टक्के भरलेले. यादीत एका वेगळ्याच नावाच्या चार प्रोसेस दिसत होत्या, चार दिवस अखंड चालू असलेल्या. म्हटलं, हाच तो चोर!

त्या प्रोसेस एम.ई. करणाऱ्या दादाच्या होत्या. दादा सिव्हिलचा, मूळचा नांदेडकडचा. त्याचा प्रोजेक्ट पावसाच्या पाण्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा पाऊस पुन्हा पडला तर एखाद्या नाल्यात पाणी किती वेगाने चढेल, याचं सिम्युलेशन तो चालवत होता. लॅबचं मशीन वापरायची परवानगी त्याने रीतसर घेतली होती. आम्हाला सरांनी क्विझसाठी तीन-चार दिवसांपुरता रूटचा पासवर्ड दिला होता, "जपून वापरा" असं सांगून.

रात्रीचे पावणेदोन. दादाचा नंबर माझ्याकडे होता. त्याची खोली आमच्या वरच्या मजल्यावर, लॅबपासून चालत पाच मिनिटं. मी फोन केला नाही आणि वरही गेलो नाही. किल मायनस नाईन लिहिलं, पुढे चारही प्रोसेसचे नंबर टाकले आणि एन्टर मारलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधा 'किल' म्हणजे प्रोसेसला "आवरा आता" असं सांगणं. ती फायली बंद करते, हातातलं काम लिहून ठेवते आणि जाते. मायनस नाईनला मात्र काही ऐकून घेणं नाही, काही आवरू देणं नाही. होत्याचं नव्हतं!

पुन्हा रिहर्सल घेतली. स्क्रीन गोठल्या नाहीत. एखाददुसरा बारीक झटका होता, तो मी नेटवर्कच्या नावावर टाकला. गेटबाहेरच्या टपरीवर विजयाचा कटिंग मारला आणि झोपलो.

शुक्रवारी सकाळी दहाला दादा लॅबमध्ये आला. थोडा वेळ स्क्रीनकडे बघत उभा राहिला. मग लॅबच्या काकांना विचारलं, "काका, लाइट गेली होती का रात्री?" काका म्हणाले, "नाही बाबा, मशीन तर चालू आहे." मी शेजारीच होतो. छाती काढून सांगितलं, "दादा, मी बंद केलं. तुझ्यामुळे आमचा सर्व्हर अडकत होता. सोमवारी क्विझ आहे ना."

मला वाटलं, तो भांडेल. भांडायची तयारीही होती माझी. तो एवढंच म्हणाला, "चार रात्री होत्या रे. आज संध्याकाळी संपणार होतं." आणि बॅग उचलून गेला. काका माझ्याकडे बघत राहिले. मग टेबल पुसायला लागले, जे त्यांनी सकाळीच पुसलं होतं.

शुक्रवारी रात्री दुसरी रिहर्सल. सगळं छान चाललं होतं. दोन वाजले आणि स्क्रीन पुन्हा गोठल्या! तेच चार-पाच सेकंद. आता तर दादा मशीनवर नव्हता. 'टॉप' बघितलं तर रात्रीचा बॅकअप सुरू झाला होता. रोज दोन वाजता सगळ्या फायली दाबून एका ठिकाणी ठेवणारं साधं काम. त्याला चोर म्हणणार कसं? तो माझ्या जन्माआधीपासून तिथे चालत असेल.

तेव्हा पहिल्यांदा मी यादीतली सगळ्यात वरची ओळ वाचली. ती माझ्या प्रोग्रॅमची होती. गुरुवारी रात्रीही तीच सगळ्यात वर होती, दादाच्या चारही प्रोसेसच्या वर. ती दिसली नव्हती असं नाही. दिसली होती, आणि मला वाटलं होतं, "आपला प्रोग्रॅम केवढी मेहनत करतोय बिचारा!"

रिहर्सल थांबवली, सगळ्या खेळाडूंना बाहेर काढलं. बॅकअपही थोड्या वेळाने संपला. आता सर्व्हरवर एकही माणूस नाही, एकही प्रश्न नाही. तरी माझा प्रोग्रॅम जवळजवळ चारशे टक्क्यांवर, म्हणजे चारही कोअर पूर्ण खाऊन बसलेला. करत काय होता? काही नाही. वाट बघत होता.

इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं, कारण सगळी गोम यातच आहे.

माझ्या प्रोग्रॅममध्ये आठ थ्रेड होते, म्हणजे उत्तरं तपासणारे आठ कारकून समजा. गुणतक्ता एकच. दोघांनी एकदम त्यात लिहिलं तर घोळ होतो, म्हणून त्याला कुलूप. एकाने कुलूप लावायचं, लिहायचं, उघडायचं, मग पुढच्याने. हे कुलूप लायब्ररीतलं तयार न घेता मी स्वतः बनवलं होतं, कारण कुठेतरी वाचलं होतं की असं कुलूप जास्त फास्ट असतं. ज्याला कुलूप मिळालं नाही तो थ्रेड एका लूपमध्ये फिरत राहायचा. "उघडलं का? उघडलं का? उघडलं का?" सेकंदाला लाखो वेळा. तपासायला उत्तर नसलं तरी तसंच. "आलं का? आलं का?" याला स्पिनलॉक म्हणतात.

आता दुसरी बाजू. एका कोअरवर एका क्षणी एकच काम चालतं. कामं जास्त असली की लिनक्सचा शेड्यूलर काही मिलिसेकंद एकाला देतो, काही दुसऱ्याला. २००७ मध्ये लिनक्स २.६.२३ मध्ये इंगो मोल्नार यांचा 'कम्प्लीटली फेअर शेड्यूलर' आला. २०२३ मध्ये ६.६ पासून त्याच्या जागी दुसरी पद्धत आली. पण मूळ हिशोब साधारण तोच: कोणी किती वेळ वापरला त्याची वही ठेवायची आणि ज्याच्या वाट्याला कमी आलंय त्याला आधी द्यायचं. त्या वेळात तुम्ही काय केलंत हे शेड्यूलर बघत नाही. नाल्याचं गणित केलंत की लाख वेळा "उघडलं का?" विचारलंत, वहीत नोंद सारखीच.

समजा एका थ्रेडने कुलूप लावलं आणि तो गुणतक्त्यात लिहितोय. तेवढ्यात त्याची वेळ संपली. शेड्यूलरने त्याला बाजूला बसवलं, पण किल्ली त्याच्याच खिशात. आता प्रोसेसर मिळाला उरलेल्या सात जणांना आणि दादाच्या चार प्रोसेसना. दादाच्या प्रोसेस निदान पाणी मोजत होत्या. माझे सात जण मिळालेला सगळा वेळ "उघडलं का?" विचारण्यात घालवत होते. किल्लीवाल्याची पाळी येईपर्यंत सगळं ठप्प. त्याने एकदाचं उघडलं की दुसऱ्या कुणाला तरी किल्ली मिळणार, आणि तोही अर्ध्यात बाजूला बसवला जाणार. शिवाय किल्ली ज्याच्या हाती पडली त्याने आधीच फुकटची विचारपूस करून आपला वाटा उडवलेला, त्यामुळे खरं काम आलं तेव्हा त्याचा नंबर मागे. दोनशे उत्तरं एकदम आली की हे दोनशे वेळा. झाले चार-पाच सेकंद!

माझ्या लॅपटॉपला आठ कोअर आणि दुसरं काही चालू नाही, म्हणून तिथे हे कधी दिसलंच नाही. प्रत्येक कारकुनाला स्वतंत्र टेबल असलं की कुणाची सवय कशी आहे ते कळत नाही.

हे सगळं त्या रात्री मला एवढं स्वच्छ कळलं असं समजू नका. त्या रात्री मी आणखी एक पराक्रम केला. म्हटलं, आपल्यालाच प्रोसेसर कमी पडतोय तर आपलं प्राधान्य वाढवू. रूटचा पासवर्ड होताच. प्रोग्रॅमला रिअल-टाइम प्राधान्य दिलं, म्हणजे साध्या प्रोसेसच्या सगळ्यांच्या पुढे. दोन मिनिटांत मशीन जवळपास मेलं. एन्टर दाबल्यावर अक्षर उमटायलाही वाट बघावी लागत होती. किल्लीवाला थ्रेड फाईलमध्ये काही लिहायला क्षणभर थांबला असणार, तेवढ्यात बाकीच्यांनी चारही कोअर धरले, आणि आता त्यांना उठवणारं कुणी नाही. शेवटी बटण दाबून मशीन बंद केलं.

ऑपरेटिंग सिस्टीम्सच्या लेक्चरला मार्स पाथफाइंडरची गोष्ट सांगितली जाते. यान ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि नंतर त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला. कमी प्राधान्याच्या कामाच्या हातात कुलूप, त्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काम अडलेलं आणि मधल्या प्राधान्याची कामं कुलूपवाल्याला पुढे सरकूच देईनात. कुलूपवाल्याला तेवढ्यापुरतं वरचं प्राधान्य द्यायची सोय त्या प्रणालीत होती, पण त्या कुलपासाठी ती बंद राहिली होती. पृथ्वीवरून ती चालू केली आणि प्रश्न मिटला. या लेक्चरला मी हजर होतो. हजेरीपुरता.

शनिवारी घरी निघालो. अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर, तिथून स्लो लोकल पकडून मुलुंड. डोक्यात तेच चाललेलं. घाटकोपरला चढलो आणि मुलुंडला उतरायचं म्हणून दारातच उभा राहिलो. विक्रोळीला उतरणारे मागून ढकलायला लागले. कांजूरमार्गला एक काका वैतागून म्हणाले, "कुठे उतरणार?" म्हटलं, "मुलुंड." "मग आत्तापासून दारात कशाला? आत उभा राहा की! नाहूर आलं की ये पुढे."

मी आत सरकलो. भांडुपला दार मोकळं, उतरणारे उतरले, चढणारे चढले. नाहूर आल्यावर पुढे आलो, मुलुंडला आरामात उतरलो. एक मिनिटही उशीर झाला नाही. प्लॅटफॉर्मवर उभा राहून मी स्वतःशीच हसलो, आणि लगेच हसू गेलं. माझे आठही थ्रेड घाटकोपरपासून दारात उभे होते. आणि विक्रोळीला उतरणाऱ्या माणसाला मी गाडीतून ढकलून दिलं होतं.

आईने विचारलं, "जेवत का नाहीस?" म्हटलं, "मेसची सवय झालीय."

रविवारी संध्याकाळी हॉस्टेलवर परत आलो तो थेट वरच्या मजल्यावर गेलो. दादा कॉटवर बसून काहीतरी लिहीत होता. "दादा, चूक माझी होती. तुझ्यामुळे काही अडकत नव्हतं. माझाच प्रोग्रॅम..." पुढचं नीट बोलता आलं नाही. पाठ केलेलं सगळं विसरलो.

तो म्हणाला, "बस. कोड दाखव."

लॅपटॉप उघडला. त्याने सगळा कोड वाचला, मध्ये एक अक्षर बोलला नाही. मग म्हणाला, "कुलूप लायब्ररीतलं घे. मिळालं नाही की झोपायचं, उघडलं की सिस्टीम उठवते." आणि थोडं थांबून, अगदी सहज, "मला सांगितलं असतंस तर मी नाइस एकोणीस लावला असता. नाहीतर किल मायनस स्टॉप द्यायचास. प्रोसेस आहे तिथे थांबते. मग कंटिन्यू दिलं की तिथूनच पुढे चालू होते. मारायची काय गरज होती?"

मित्रांनो, ही कमांड मला माहीत होती. परीक्षेत चार मार्कांना आली होती आणि मी बरोबर लिहिली होती.

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून दुरुस्ती केली. घरचं कुलूप काढून साधं म्युटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबल घातलं. म्हणजे काम नसेल तर थ्रेड झोपणार, काम आलं की उठवला जाणार. गुणतक्ता लावायचं आणि फाईलमध्ये लिहायचं काम कुलपाच्या बाहेर काढलं, आत फक्त आकडा बदलायचा. आठ थ्रेडचे चार केले. प्रॉक फोल्डरमध्ये प्रत्येक थ्रेडच्या नावे 'स्टेटस' नावाची फाईल असते. तिच्या शेवटी दोन आकडे असतात: थ्रेडने प्रोसेसर किती वेळा स्वतःहून सोडला आणि किती वेळा त्याच्याकडून काढून घ्यावा लागला. आधी माझा दुसरा आकडा प्रचंड आणि पहिला नावापुरता होता. आता उलटं झालं. रिकाम्या सर्व्हरवर माझा प्रोग्रॅम 'टॉप'च्या पहिल्या पानावरही दिसेना.

नंतर वाचनात आलं की लिनस टॉरवाल्ड्स यांनी जानेवारी २०२० मध्ये याच विषयावर लोकांना बजावलं होतं. साध्या प्रोग्रॅममध्ये स्वतःचे स्पिनलॉक लिहू नका, कारण कुलूप कुणाच्या हातात आहे हे शेड्यूलरला कळतच नाही. म्हणजे माझ्याआधी बऱ्याच हुशार लोकांनी हा माती खाण्याचा कार्यक्रम केलेला आहे. तेवढाच दिलासा.

मध्यरात्रीनंतर दादाने स्वतःचं सिम्युलेशन पुन्हा सुरू केलं, पहिल्यापासून. नाइस एकोणीस लावून. म्हणजे दुसऱ्या कुणाला प्रोसेसर हवा असेल तर त्याला आधी द्या, उरलेला मला. मी म्हटलं, "दादा, आता गरज नाही, तसंही अडकणार नाही." तो म्हणाला, "असू दे. उद्या तुमची क्विझ आहे."

सोमवारी क्विझ झाली. दादाच्या चार प्रोसेस मागे चालू होत्या आणि एकही स्क्रीन गोठली नाही. बक्षीस समारंभात टेक्निकल टीमसाठी टाळ्या झाल्या. माझा फोटोही आहे त्यात, टी-शर्टसकट.

दादाचं सिम्युलेशन गुरुवारी संपलं. त्याला ज्या कॉन्फरन्सला पेपर पाठवायचा होता तिची शेवटची तारीख मंगळवार होती. हे मला त्याने सांगितलं नाही, लॅबच्या काकांनी सांगितलं, तेही महिनाभराने. मी वर गेलो तेव्हा दादा म्हणाला, "पुढच्या वर्षी पाठवू." पण पुढच्या वर्षी तो इथे नसणार होता हे दोघांनाही माहीत होतं. तीच चार प्रोसेसची चार नावं मला अजून पाठ आहेत.

तेव्हा लॅबच्या मशीनवर काम करणाऱ्या ज्युनिअर मंडळींना माझी एवढीच विनंती. सर्व्हर अडकला की 'टॉप' जरूर लावा, मोठा एच दाबून थ्रेडसुद्धा बघा, पण यादी वाचताना सुरुवात आपल्या नावापासून करा. आणि दुसऱ्याच्या प्रोसेसला हात लावण्याआधी एक मजला चढून जा. लिफ्ट बंद असली तरी!